मैदानावरचे मास्तर : रहीमसाहेब



आज शाळा सुटल्यावर एक छोटासा प्रयोग करा. मैदानावर एक चेंडू ठेवा आणि त्याला पायाने मारा. तुमच्यापैकी बहुतेकांचा उजवा पाय आपोआप पुढे येईल. आता तोच चेंडू डाव्या पायाने मारून पाहा. चेंडू भलतीकडेच जाईल. कदाचित मित्र हसतील. मग तुम्ही पुन्हा उजव्या पायाकडे वळाल. आपण सगळे असेच करतो. जो पाय चांगला चालतो त्यालाच काम देतो आणि दुबळा पाय दुबळाच राहतो.

हैदराबादमध्ये एक शिक्षक होऊन गेले. त्यांनी मुलांसाठी फुटबॉलच्या अशा स्पर्धा भरवल्या, की ज्यात दुबळ्या पायानेच खेळावे लागे. सुरुवातीला मुले अडखळत. हळूहळू त्यांचे दोन्ही पाय सारखे चालू लागले. पुढे याच शिक्षकांनी भारताच्या फुटबॉल संघाला दोन वेळा आशियाचे सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. सारे हैदराबाद त्यांना आदराने रहीमसाहेब म्हणत असे.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. हैदराबाद आपल्याला परके नाही. आपल्या वाशीम जिल्ह्याच्या दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की हिंगोली जिल्हा लागतो. हिंगोली, परभणी, नांदेड हा सारा मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तुमच्यापैकी कितीतरी जणांचे नातेवाईक आजही हैदराबादला राहत असतील.

त्या काळी हैदराबादला निजामाचे राज्य होते. १९१८ साली तेथे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. या विद्यापीठाचे मोठे वैशिष्ट्य म्हणजे तेथील उच्च शिक्षण उर्दू माध्यमातून दिले जाई. इतिहास असो की विज्ञान, मुले ते उर्दूतून शिकत. रहीमसाहेब याच विद्यापीठाचे पदवीधर. म्हणजे तुम्ही ज्या भाषेतून शिकता, त्याच भाषेचे वातावरण त्यांच्या शिक्षणाला लाभले होते.

कॉलेजात असताना ते फुटबॉल खेळत. उस्मानिया विद्यापीठाच्या संघात त्या दिवसांत हैदराबादचे उत्तम खेळाडू होते आणि रहीमसाहेबांनी त्या संघात स्थान मिळवले होते. पुढे शहरातील स्थानिक संघातूनही ते खेळले. खेळाडू म्हणून ते चांगले होते. पण त्यांचे नाव देशभर झाले ते स्वतःच्या खेळामुळे नव्हे. त्यांनी इतरांना जे शिकवले त्यामुळे ते मोठे झाले.

शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. काचीगुडा मिडल स्कूल, दारुल उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल अशा शाळांमधून त्यांनी मुलांना शिकवले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेतील खेळांची जबाबदारी अंगावर घेतली. वर्गातल्या मुलाला एखादे गणित का येत नाही हे चांगला शिक्षक शोधून काढतो. रहीमसाहेब मैदानावर तेच करीत. चेंडू चुकला की ते रागावून थांबत नसत. तो का चुकला याचा विचार करीत.

१९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीस झाले. शहरातील मुलांचा खेळ पाहून त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. चेंडू पायात आला की प्रत्येकाला तो सोडवत नसे. समोरच्या एकाला चकवावे, दुसऱ्याला चकवावे, प्रेक्षकांच्या टाळ्या घ्याव्यात, असे प्रत्येकाला वाटे. तोपर्यंत समोरचा संघ सावध होई आणि चेंडू हातचा जाई. माणूस कितीही जोरात धावला, तरी चेंडू त्याच्याहून जोरात जातो. ही साधी गोष्ट मुलांना पटवून द्यायची होती.

ती पटवण्यासाठी रहीमसाहेबांनी भाषणे दिली नाहीत. त्यांनी स्पर्धेचे नियमच बदलले. काही स्पर्धा अशा ठेवल्या, की ज्यात चेंडू घेऊन कोणाला चकवत पुढे जाण्यास मनाई होती. चेंडू आला की तो लगेच साथीदाराकडे द्यायचा. साहजिकच मुलांना चेंडू येण्याआधीच मान वर करून पाहावे लागे. आपला साथीदार कोठे उभा आहे, मोकळी जागा कोठे आहे, हे आधीच हेरावे लागे. दुबळ्या पायाच्या स्पर्धाही याच विचारातून निघाल्या. ज्याला एकच पाय वापरता येतो, त्याला एकाच बाजूला वळता येते. ज्याचे दोन्ही पाय तयार आहेत, त्याला सारे मैदान मोकळे असते.

लवकरच या मेहनतीला फळ आले. हैदराबाद शहर पोलिसांचा एक फुटबॉल संघ होता. १९५० मध्ये रहीमसाहेब त्याचे प्रशिक्षक होते. त्या काळी मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स चषक ही देशातील एक जुनी आणि मानाची स्पर्धा भरत असे. कलकत्त्याचे, मुंबईचे नामवंत संघ तेथे उतरत. हैदराबादच्या पोलिसांनी १९५० मध्ये हा चषक जिंकला. नंतर १९५१, १९५२, १९५३ आणि १९५४ मध्येही तोच संघ जिंकला. लागोपाठ पाच वर्षे! मुंबईचे प्रेक्षक हैदराबादी संघाचा खेळ पाहायला गर्दी करू लागले. पुढे १९५६-५७ आणि १९५७-५८ या दोन्ही वर्षी हैदराबादने राष्ट्रीय स्पर्धेतील संतोष करंडक जिंकला. दोन्ही वेळा अंतिम सामन्यात समोर मुंबईचाच संघ होता.

रहीमसाहेब खेळाडू कसे घडवीत याचे एक उदाहरण सांगतो. सिकंदराबादेत तुलसीदास बलराम नावाचा एक होतकरू मुलगा होता. घरची परिस्थिती गरिबीची. सरावाचे मैदान घरापासून खूप दूर. रोज जाण्या-येण्याचा खर्च त्याला झेपणारा नव्हता. रहीमसाहेबांना हे कळले तेव्हा त्यांनी भाड्याच्या सायकलसाठी त्याला स्वतः पैसे दिले. मुलगा रोज सरावाला येऊ लागला. हाच बलराम पुढे दोन ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला आणि देशातील सर्वोत्तम आघाडीच्या खेळाडूंमध्ये गणला गेला. विचार करा, सायकलच्या भाड्याअभावी तो घरीच राहिला असता तर?

आता देशाच्या संघाकडे वळू. १९५१ मध्ये दिल्लीला पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक रहीमसाहेब होते. अंतिम सामन्यात भारताने इराणला १ विरुद्ध ० असे हरवून सुवर्णपदक मिळवले. एकमेव गोल साहू मेवालाल यांनी केला. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. साऱ्या देशाला आनंद झाला.

पण पुढच्याच वर्षी एक मोठा धक्का बसला. १९५२ चे ऑलिंपिक सामने फिनलंड देशात, हेलसिंकी येथे झाले. तो युरोपच्या उत्तरेचा थंड देश. आपल्या अनेक खेळाडूंना अनवाणी खेळण्याची सवय होती. तसेच ते मैदानात उतरले. समोर युगोस्लाव्हियाचा बलाढ्य संघ होता. भारत १० विरुद्ध १ असा हरला.

मित्रांनो, दहा गोल खाऊन मायदेशी परतणे किती अवघड असेल याची कल्पना करा. ज्या प्रशिक्षकाचे वर्षापूर्वी कौतुक झाले होते, त्याच्याकडे आता लोक बोट दाखवणार. असा माणूस थंडीला दोष देऊ शकतो, नशिबाला दोष देऊ शकतो किंवा मैदान सोडून गुपचूप घरी बसू शकतो. रहीमसाहेबांनी यांपैकी काहीही केले नाही. त्या पराभवाकडे त्यांनी एखाद्या धड्यासारखे पाहिले. आपले खेळाडू चपळ आहेत, पण बुटांची सवय नाही. चेंडूवर ताबा आहे, पण मैदानावरची मांडणी जुनी आहे. हे आपल्या खेळाचे दुबळे पाय होते. या पराभवानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने खेळाडूंना बूट सक्तीचे केले. मांडणीकडे रहीमसाहेबांनी लक्ष दिले.

ही मांडणी म्हणजे काय ते थोडक्यात समजून घ्या. फुटबॉलच्या संघात अकरा खेळाडू असतात. एक गोलरक्षक सोडला तर दहा उरतात. त्यांपैकी किती जणांनी मागे राहून गोल वाचवायचा, किती जणांनी मध्ये खेळायचे आणि किती जणांनी पुढे जाऊन हल्ला करायचा, हे आधी ठरवावे लागते. जुन्या पद्धतीत पाच जण हल्ल्याला असत आणि मागे अगदी थोडे. रहीमसाहेबांनी मागे चार, मध्ये दोन आणि पुढे चार अशी नवी मांडणी भारतीय संघाला शिकवली. ब्राझीलने १९५८ चा विश्वचषक याच मांडणीने जिंकला आणि मग ती जगभर गाजली. जगात कोणी नवे काही करीत असेल तर ते समजून घ्यायचे आणि आपल्या मुलांना झेपेल असे करून शिकवायचे, ही रहीमसाहेबांची रीत होती.

१९५६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे ऑलिंपिक सामने झाले. हंगेरीचा संघ न आल्यामुळे भारताला पुढची फेरी मिळाली. तेथे समोर यजमान ऑस्ट्रेलिया होता. त्यांच्याच मैदानावर, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर भारताने त्यांना ४ विरुद्ध २ असे हरवले. त्या चारांपैकी तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझा यांचे होते. ते मुंबईच्या टाटा संघाकडून खेळत. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले.

उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया समोर आला. चार वर्षांपूर्वी दहा गोल करणारा हाच तो देश. या वेळी पहिला गोल भारताने केला! तोही डिसूझा यांनीच. शेवटी युगोस्लाव्हियाने ४ विरुद्ध १ असा विजय मिळवला. नंतर तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बल्गेरियाने आपल्याला हरवले आणि भारत चौथा आला. पदक हुकले खरे, पण ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारताने याहून वरचा क्रमांक कधीच मिळवलेला नाही. १९६० मध्ये रोमच्या ऑलिंपिकमध्येही रहीमसाहेबांचा संघ फ्रान्सबरोबर १-१ अशा बरोबरीत राहिला. त्या संघात त्यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम यांचीही निवड झाली होती.

आता १९६२ सालाकडे या. इंडोनेशियाची राजधानी जकार्ता येथे आशियाई क्रीडा स्पर्धा होत्या. रहीमसाहेबांचे वय त्रेपन्न वर्षांचे होते. त्यांची प्रकृती खालावत चालली होती. तरीही ते संघाबरोबर गेले.

पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २ विरुद्ध ० असे हरवले. पुढचा सामना थायलंडशी होता. तो आपण जिंकला, पण आपले भक्कम बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला मोठी जखम झाली. टाके घालावे लागले. नंतर जपानलाही हरवून भारत उपांत्य फेरीत पोचला. आता रहीमसाहेबांपुढे मोठा प्रश्न होता. डोक्याला टाके असलेल्या खेळाडूला बचावात ठेवावे, तर चेंडू डोक्याने परतवताना जखम उघडण्याची भीती. बाहेर बसवावे, तर संघाचा एक मोठा आधार जाणार. रहीमसाहेबांनी वेगळाच मार्ग काढला. मागे खेळणाऱ्या जर्नेलसिंगना त्यांनी सर्वांत पुढे, हल्ल्याच्या जागी उभे केले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर भारताने ३ विरुद्ध २ असा निसटता विजय मिळवला. त्यातला एक गोल जर्नेलसिंग यांचा होता.

इकडे मैदानाबाहेरचे वातावरण बिघडले होते. यजमानांनी इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना येऊ दिले नव्हते आणि एका भारतीय क्रीडा अधिकाऱ्याने याला विरोध केला होता. त्यामुळे तेथील लोक भारतावर संतापले. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. आपले खेळाडू जेथे जात तेथे लोक त्यांची हुर्यो उडवीत. सामना खेळायला जाणारे हे बहुतेक विशी-पंचविशीतले तरुण होते. त्यांची मने किती धास्तावली असतील!

त्या संघातले खेळाडू पुढे म्हातारे झाले, तरी अंतिम सामन्याच्या आधीची एक आठवण सांगत. रहीमसाहेबांनी सर्वांना जवळ बोलावले आणि त्यांच्याकडे एक भेट मागितली. ती भेट होती उद्याच्या सुवर्णपदकाची. आपल्या शिक्षकांनी आयुष्यभर आपल्याला दिले, आज पहिल्यांदाच काही मागितले, असे त्या मुलांना वाटले असेल.

४ सप्टेंबर १९६२. सेनायनचे भव्य मैदान सुमारे एक लाख प्रेक्षकांनी भरले होते. जवळजवळ सारे प्रेक्षक भारताच्या विरोधात होते. भारताचे राष्ट्रगीत सुरू झाले तेव्हाही आरडाओरडा झाला. समोर तोच दक्षिण कोरियाचा संघ होता, ज्याने आपल्याला आधी हरवले होते. सामना सुरू झाला. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी यांनी पहिला गोल केला. गर्दीचा आवाज एकदम कमी झाला. तीनच मिनिटांनी दुसरा गोल झाला. तो कोणी केला असेल? डोक्याला टाके घातलेल्या जर्नेलसिंग यांनी! मागे गोलात पीटर थंगराज उभे होते. तापातून नुकतेच उठलेले, पण ठाम. सामना संपता संपता कोरियाने एक गोल केला, मात्र भारताने पुढे काही होऊ दिले नाही. भारत २ विरुद्ध १ असा जिंकला.

त्या संघातील नावे एकदा वाचून पाहा : चुनी गोस्वामी, जर्नेलसिंग, पीटर थंगराज, युसूफ खान, तुलसीदास बलराम, अरुण घोष, मुंबईच्या टाटा संघाचे फॉर्च्युनॅटो फ्रँको. कोणी बंगालचा, कोणी पंजाबचा, कोणी हैदराबादचा. घरी बोलायच्या भाषा वेगळ्या, प्रार्थना वेगळ्या. मैदानावर मात्र एकाने चेंडू पुढे दिला की तो कोठे जाणार हे दुसऱ्याला न बोलता कळत असे. ही भाषा त्यांना रहीमसाहेबांनी शिकवली होती.

जकार्ताहून परतल्यावर रहीमसाहेबांचा आजार बळावला. त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला होता. ११ जून १९६३ रोजी हैदराबादमध्ये त्यांचे निधन झाले. सुवर्णपदकाला अजून एक वर्षही पूर्ण झाले नव्हते. द्रोणाचार्य पुरस्कार, जो आज उत्तम प्रशिक्षकांना दिला जातो, तो सुरू झाला १९८५ साली. तोपर्यंत रहीमसाहेबांना जाऊन बावीस वर्षे झाली होती. नंतरच्या पिढीला त्यांचे नावही फारसे ठाऊक राहिले नाही. २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावर 'मैदान' हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा कोठे अनेकांनी ते पहिल्यांदा ऐकले.

पण शिक्षकाची खरी आठवण त्याच्या विद्यार्थ्यांत राहते. १९७० मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने फुटबॉलचे कांस्यपदक मिळवले, तेव्हा प्रशिक्षकांमध्ये पी. के. बॅनर्जी होते आणि संघाचे कप्तान होते हैदराबादचे सय्यद नईमुद्दीन. रहीमसाहेबांचे चिरंजीव हकीमसाहेब पुढे आंतरराष्ट्रीय पंच झाले. तरीही १९६२ नंतर आशियाई स्पर्धेत भारताला फुटबॉलचे सुवर्णपदक पुन्हा मिळालेले नाही आणि १९६० नंतर आपला फुटबॉल संघ ऑलिंपिकला गेलेला नाही. एक चांगला शिक्षक गेला की किती मोठी जागा रिकामी होते, ते यावरून कळते. ती जागा भरणारे कोणी तुमच्यातूनच पुढे येईल का? मुलगा असो वा मुलगी, हा प्रश्न मी तुम्हा सर्वांना विचारतो आहे.

शेवटी पुन्हा त्या डाव्या पायाकडे येऊ. तुम्ही उर्दू माध्यमात शिकता. उर्दू हा तुमचा उजवा पाय आहे. ती तुम्हाला घरी, वर्गात, मित्रांत सहज येते. मराठीच्या तासाला मात्र तुमच्यापैकी काही जण खाली मान घालून बसतात. वाक्य चुकेल, ळ आणि ल यांत गोंधळ होईल, कोणी हसेल, अशी भीती वाटते. मग तुम्ही बोलतच नाही. न बोलल्यामुळे मराठी दुबळी राहते आणि दुबळी राहिल्यामुळे भीती आणखी वाढते.

बाजारात, बस स्थानकावर, तहसील कचेरीत, उद्या नोकरीच्या मुलाखतीत मराठीचा चेंडू तुमच्याकडे येणारच आहे. त्या वेळी एकाच पायावर उभे राहून चालणार नाही. म्हणून आजच्या सरावाला सुरुवात करा. या धड्यातील एखादा प्रसंग पुस्तक मिटून आपल्या शब्दांत मराठीत सांगा. अडखळलात तरी चालेल. रहीमसाहेबांच्या मैदानावरही मुले आधी अडखळतच होती.